लाल पट्ट्याचा नाद

माझ्या ऑक्टाव्हियाचा कट मी ६८००वरून ७४००वर नेला आणि गाडी हळू झाली. ती हळू झालीय हे सांगणारा कागद डॅशबोर्डाच्या खणात पडून होता. मी तो भेटेल त्याला काढून दाखवायचो, फक्त वाचायचो नाही.

ज्यांचा या नादाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कट म्हणजे रेव्ह लिमिटर. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरलेल्या आरपीएमला पेट्रोल तोडतो. गाडी अडखळते, मागून फटफट आवाज येतो आणि काटा त्याच्या वर सरकत नाही. शिफ्ट पॉइंट ही निराळी भानगड. ॲक्सिलरेटर पुरता दाबून गाडी पळवताना किती आरपीएमला वरचा गिअर टाकला तर ती सगळ्यात लवकर पुढे जाईल, तो आकडा. कट धातू ठरवतो, शिफ्ट पॉइंट हवा ठरवते. मी दोन्ही एकच धरून चाललो होतो, आणि पुढचा सगळा खर्च त्या एका गोंधळातून निघाला.

गाडी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पाटी एमएच-०६ची. १७८१ सीसी, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह आणि टर्बो. कंपनीच्या कागदावर १५० हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही १७५० आरपीएमपासून. आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांना टर्बो असतो. त्या काळी टर्बो म्हणजे ट्रक आणि डिझेल गाड्यांची गोष्ट होती. पेट्रोल गाडीत टर्बो बसवला की काय होतं, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना याच गाडीनं पहिल्यांदा दाखवलं.

पैसा कुठून आला तेही सांगून टाकतो, कारण आमच्याकडे गाड्यांच्या गप्पांत तेवढंच कोणी सांगत नाही. १९८४च्या जानेवारीत, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जमिनीच्या लढ्यात, उरणजवळच्या आमच्या जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. आमच्या भूखंडाचा व्यवहार झाला, भावकीत हिस्से पडले, आणि माझ्या हिश्श्यातून वरचा मजला चढवायच्या ऐवजी मी दोन मालक फिरलेली ही गाडी घेतली. वडील काही बोलले नाहीत. हुतात्मा स्मारकासमोरून जाताना मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचो, एवढीच काय ती लाज.

गाडी मूळ रूपात ठेवायची नव्हतीच. टर्बोच्या पुढचा एक्झॉस्टचा पाइप मोठा केला, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा बसवला, ईसीयू रिमॅप करून, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलून घेतला. टर्बो मात्र कंपनीचाच, के०३ जातीचा, मुठीत मावेल एवढ्या चक्राचा. रिमॅपनंतर ताकद मोजणाऱ्या रोलरवर, म्हणजे डायनोवर, गाडी चढवली तेव्हा कागदावर आलं: ५५०० आरपीएमला १७८ हॉर्सपॉवर, ३५००ला २८० न्यूटन-मीटर. मी १७८वर बोट ठेवून फोटो काढला. त्या आकड्याच्या उजवीकडे रेघ कशी घसरत गेलीय हे फोटोत माझ्या अंगठ्याखाली झाकलं गेलं होतं.

ट्यूनर म्हणाला होता, "दादा, साडेसहाच्या वर यात काही नाही. कट आहे तिथं राहू दे." मी त्यातून एवढंच घेतलं की हा माणूस घाबरट आहे. जपानी गाड्या आठ-नऊ हजारांवर किंचाळत जातात असे व्हिडिओ मी रात्र-रात्र पाहत होतो. माझा काटा साडेसहाच्या पुढे गेला की लाल पट्टा सुरू व्हायचा आणि मजा तिथंच संपायची. मला वाटलं, कंपनीनं वॉरंटीच्या भीतीनं पुढचा पल्ला कुलूपबंद करून ठेवलाय. दुसऱ्या एकाला गाठून कट ७४००वर नेला.

आवाज जबरदस्त आला. तिथंच मी फसलो. कान सांगत होता गाडी उडतेय. पाठ सांगायला हवी होती की सीटमध्ये दाबणारा जोर ओसरलाय, पण कानापुढे पाठीचं कोण ऐकतं?

के०३ला वर काय होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा इतकं सरळ होतं की माझंच मला हसू आलं. टर्बोचं एक चक्र एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरतं आणि दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. चक्र लहान असलं की चटकन वेग घेतं, म्हणून ही गाडी खालूनच ओढायला लागते. पण आरपीएम वाढतं तसं इंजिनाला लागणारी हवा वाढते, आणि लहान चक्र एका मर्यादेपलीकडे हवा पुरवू शकत नाही. ते जास्त जोरात फिरलं तर हवा वाढण्याऐवजी तापते. एक्झॉस्टच्या बाजूनं आणखी वाईट: चिंचोळ्या वाटेनं एवढा धूर बाहेर पडत नाही, म्हणून मागचा दाब वाढतो आणि जळलेला गरम वायू थोडा सिलिंडरमध्येच राहतो. त्या गरमीनं, स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच, उरलेलं पेट्रोल आपोआप भडकायला बघतं, म्हणजे नॉकिंग. नॉक सेन्सरला ते ऐकू जातं आणि ईसीयू स्पार्क उशिरा करतो. ताकद आणखी घटते, एक्झॉस्ट आणखी तापतो. साडेसहाच्या वर मी पेट्रोल जाळून टर्बो भाजत होतो. ईसीयू गुपचूप माझ्या चुका झाकत होता आणि त्यामुळे मला त्या दिसत नव्हत्या.

दाखवलं ते एका ट्रेलरवाल्यानं. जासईत राहायचं म्हणजे ट्रेलरच्या शेजारात राहायचं. जेएनपीटीचं बंदर १९८९ला सुरू झालं तेव्हापासून आमच्या रस्त्यावरून कंटेनर वाहतात. आता अटल सेतूही चिर्ल्याला येऊन टेकलाय. आमच्या आळीतला दादूस चाळीस फुटी ट्रेलर चालवायचा. मी एकदा त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून करळ फाट्याकडे निघालो होतो. त्याच्या मीटरवर साधारण १२०० ते १६०० आरपीएमपर्यंत हिरवा पट्टा. भरल्या कंटेनरसकट पुलाच्या चढावर तो गिअर टाकत होता आणि माझं लक्ष दर वेळी काटा कुठवर चढला याच्यावर. तो म्हणाला, "काटा कुठून उचलला त्ये नको बगू बाला. गिअर टाकल्यावर कुठं परला त्ये बग." मग माझ्या गाडीवर आला. "तुजी गारी बोंबलते जास्त आन पलते कमी."

काटा पडतो कुठं. घरी येऊन खणातला कागद काढला आणि पहिल्यांदा अंगठा बाजूला ठेवून वाचला.

या गाडीच्या गिअरची गुणोत्तरं साधारण अशी: पहिला ३.३०, दुसरा १.९४, तिसरा १.३१, चौथा १.०३, पाचवा ०.८४. वरचा गिअर टाकला की आरपीएम या गुणोत्तरांच्या भागाकारानं खाली येतं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना १.०३ भागिले १.३१, म्हणजे आरपीएमचा ७९ टक्के भाग उरतो. कागद जुन्या कटचा, म्हणून रेघ तशीच पुढे ताणली. माझ्या नव्या कटच्या जरा अलीकडे, म्हणजे ७०००ला तिसऱ्यात असताना इंजिन १३९ हॉर्सपॉवर देत होतं. त्याच क्षणी चौथा टाकला असता तर काटा ५५००वर पडला असता आणि तिथं १७८ आहेत. म्हणजे तिसरा गिअर ताणून धरून मी ३९ हॉर्सपॉवर रस्त्याच्या कडेला टाकून देत होतो, आणि वर ७४००पर्यंत आणखी टाकत होतो.

मग योग्य जागा कोणती? मित्रांपैकी काही म्हणायचे, पॉवर ५५००ला सगळ्यात जास्त, तर ५५००लाच गिअर टाक. काही म्हणायचे, टॉर्क ३५००ला कमाल आहे, त्याच्या पुढे जायचंच कशाला. दोन्ही चूक, फक्त माझ्याइतकी महाग नाहीत. चाकापर्यंत जो जोर पोचतो तो इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं गुणोत्तर. खालच्या गिअरमध्ये टॉर्क घसरत असला तरी गुणोत्तर मोठं असल्यामुळे चाकावरचा जोर अजून वरच्या गिअरपेक्षा जास्त असू शकतो. जिथं दोन्ही जोर सारखे होतात तिथं गिअर टाकायचा. ६०००ला तिसऱ्यात माझं इंजिन २०२ न्यूटन-मीटर देत होतं, गुणिले १.३१, म्हणजे २६५. चौथा टाकला तर काटा ४७००वर पडतो, तिथं २५६, गुणिले १.०३, म्हणजे २६४. जुळलं. तिसऱ्याचा शिफ्ट पॉइंट ६०००.

हेच पॉवरच्या भाषेत सांगायचं तर गिअर टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर इंजिन सारखीच हॉर्सपॉवर देत असलं पाहिजे. कमाल पॉवरचा डोंगर मधे ठेवून एका उतारावरून उडी मारायची आणि पलीकडच्या उतारावर तेवढ्याच उंचीवर उतरायचं. त्यामुळे शिफ्ट पॉइंट नेहमी कमाल पॉवरच्या पुढे असतो, पण किती पुढे ते डोंगर किती रुंद आहे आणि उडी किती लांब आहे यावर ठरतं.

उडी प्रत्येक गिअरला वेगळी, हे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. पहिल्यातून दुसऱ्यात काटा पार ५९ टक्क्यांवर पडतो, म्हणून पहिला गिअर बराच ताणावा लागतो. माझ्या कागदावरून हिशेब आला: पहिल्यातून दुसरा ६६५०ला, दुसऱ्यातून तिसरा ६३५०ला, तिसऱ्यातून चौथा ६०००ला, चौथ्यातून पाचवा ५९००ला. चारही आकडे कंपनीच्या जुन्या ६८००च्या आत. कट वाढवायची गरज कधी नव्हतीच; मी तो परत खाली आणला. स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया जुळवणाऱ्यांनी आणि त्यांच्याआधी ती आखणाऱ्यांनी हा हिशेब करून ठेवला होता, आणि मी तो कुलूपबंद खजिना समजत होतो.

कागदावरचे आकडे जसेच्या तसे रस्त्यावर लागू पडत नाहीत, ही त्यानंतरची शिकवण. यात मी मूर्खपणापेक्षा घाईनं चुकलो.

एक म्हणजे काटा उशिरा धावतो. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम इतक्या झपाट्यानं चढतं की मीटरचा काटा ६६५० दाखवतो तेव्हा इंजिन पुढे गेलेलं असतं. लॅपटॉप लावून ईसीयूच्या नोंदींचा लॉग काढला तेव्हा पहिल्यात हा फरक अडीचशे-तीनशे आरपीएमचा निघाला, चौथ्यात जवळजवळ नाहीच. त्यात डोळ्यानं बघून हात हलेपर्यंतचा वेळ मिळवा. काट्यावर भरवसा ठेवून मी पहिल्यात हमखास कट खात होतो, आणि कट खाल्ला की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, पडतो. शेवटी शिफ्टचा दिवा बसवला आणि तो प्रत्येक गिअरला वेगळ्या आरपीएमला, पहिल्याला तर ठरल्या आकड्याच्या बराच आधी पेटेल असा लावला.

दुसरं, गिअर टाकताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थ्रॉटल बंद होतं आणि डम्प व्हॉल्व्ह टर्बोची हवा सोडून देतो. तो सुस्कारा ऐकायला लोकांना आवडतो, मलाही आवडायचा. पण पुढच्या गिअरमध्ये तो दाब पुन्हा बनायला क्षणभर लागतो. डायनोवरची रेघ संथ चढत गेलेल्या इंजिनाची असते, तिथं टर्बो भरलेला असतो. रस्त्यावर दुसऱ्यात पडल्या पडल्या पूर्ण बूस्ट मिळतच नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये हिशेबापेक्षा शे-दोनशे आरपीएम पुढे जाऊन टाकलेला बरा. हे लॉगमध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट अशा दोन रेघा शेजारी ठेवल्या की नीट दिसतं.

तिसरं, हवामान. माझा पहिला कागद डिसेंबरच्या सकाळचा. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी एकामागून एक फेऱ्या घेऊन लॉग काढले आणि रेघ बुटकी आली. मी ट्यूनरला फोन करून भांडलो की रिमॅप बिघडलाय. तो शांतपणे म्हणाला, "इंटरकूलरला हात लावून बघा." लावला आणि चटका बसला. जासईची मेमधली दमट दुपार, बाजूनं रांगेत उभे ट्रेलर, त्यांच्यातून सरपटत आलेली गाडी. आत जाणारी हवाच इतकी तापलेली की नॉकिंगच्या भीतीनं ईसीयू स्पार्क मागे खेचत होता. लॉगमध्ये चारही सिलिंडरचा स्पार्क किती अंश मागे गेलाय हे लिहून येतं, आणि मी तो रकाना कधी उघडलाच नव्हता. गरम दिवशी शिफ्ट पॉइंटही खाली सरकतो, कारण उजवीकडचा उतार आणखी खोल होतो.

आणि हे लॉग मी कुठं काढत होतो? गव्हाण फाट्याच्या बाजूच्या रस्त्यावर, पहाटे. हे लिहिताना आजही अंग चोरतो. तिसऱ्या गिअरमध्ये ६०००ला ही गाडी ताशी सव्वाशेच्या पुढे असते. आमच्या रस्त्यांवर कडेला मागचा दिवा नसलेले ट्रेलर उभे असतात, चहावाला रस्ता ओलांडतो, बंदरातली पाळी सुटलेली पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतात. मोटार वाहन कायद्याचं १८९वं कलम सार्वजनिक रस्त्यावर शर्यत आणि वेगाची चाचणी दोन्हीला मनाई करतं, आणि ५२वं कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला. कलमं मला माहीत होती. मी थांबलो ते कलमांमुळे नाही. एका पहाटे हेडलाइटच्या उजेडात ट्रेलरची मागची फळी अचानक आली आणि गाडी कशीबशी शेजारून निघाली, तेव्हा थांबलो. त्यानंतर लॉग डायनोवर किंवा बंद धावपट्टीवर. पैसे जातात, जाऊ देत.

एवढं शिकलेल्या माणसानं पुढची चूक करायला नको होती. शिकलेलं अंगात मुरायच्या आधी मी टर्बो बदलला. के०३ काढून के०४ घातला. चक्र मोठं, म्हणजे खाली सुस्त आणि वर दमदार. डोंगर उजवीकडे सरकला. कमाल पॉवर आता ६०००च्या पलीकडे, २१५ हॉर्सपॉवर. त्याबरोबर शिफ्ट पॉइंटही वर चढले. आता कट वाढवायचं कारण खरं होतं, आणि मी पुन्हा ७४००वर नेला. हवेचा हिशेब बरोबर होता. धातूचा हिशेब मी केलाच नव्हता.

लोणावळ्याच्या वर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती व्हायच्या, पाव मैलाच्या. बंद रस्ता, डॉक्टर, हेल्मेट, सगळं रीतसर. मी समुद्रसपाटीवर ट्यून केलेली गाडी घाटावर नेली. तिथं हवा विरळ; तेवढाच दाब बनवायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. ते मी विसरलो होतो, पण गाडी मेली ती त्यामुळे नाही. दिवा पेटला, तिसऱ्यातून चौथा टाकायला मी दांडा खाली ओढला. घाईत हात जरा डावीकडे गेला आणि दांडा दुसऱ्यात बसला. क्लच सोडला.

ज्याला वाटतं कट इंजिनाला वाचवतो त्यानं हा हिशेब करावा. तिसऱ्यात ६५०० असताना दुसरा गिअर बसला तर चाकं इंजिनाला ९६००वर फिरवतात. ईसीयू पेट्रोल तोडतो, पण तेव्हा इंजिनाला पेट्रोल फिरवत नसतं, तेराशे किलोंची धावती गाडी फिरवत असते. कट फक्त ॲक्सिलरेटरवरच्या पायाला अडवतो, गिअरच्या दांड्यावरच्या हाताला नाही.

स्ट्रोक ८६.४ मिलिमीटर. पिस्टन आणि त्याच्याबरोबर खालीवर होणारं सामान अर्धा किलो धरलं, तर ६८०० आरपीएमला वरच्या टोकाशी त्याला थांबवून परत खेचायला कनेक्टिंग रॉडला साधारण दीड टनाचा ओढा सोसावा लागतो. ७४००ला पावणेदोन टनाजवळ. ९६००ला जवळजवळ तीन टन. जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणून वरची सहाशे आरपीएम खालच्या सहाशेसारखी नसतात. बूस्ट रॉडला दाबतो, तो धोका मधल्या आरपीएमला, टॉर्क कमाल असतो तिथं. आरपीएम रॉडचे बोल्ट ताणतं, तो धोका वरती, एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा पिस्टनच्या डोक्यावर दाबणारा वायूही नसतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही. मला तोवर इंजिन मजबूत किंवा कमजोर एवढंच कळायचं.

माझे रॉड वाचले. स्प्रिंग नाही पुरल्या. इतक्या वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंग त्याला वेळेत बंद करू शकत नाहीत, व्हॉल्व्ह अधांतरी राहतो आणि वर येणारा पिस्टन त्याला भेटतो. टर्बो इंजिनात तर इनटेकच्या व्हॉल्व्हला पाठीमागून बूस्ट ढकलत असतो आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला मागचा दाब, म्हणजे स्प्रिंगचं काम मुळातच जड. धातूच्या डब्यात चमचे टाकून हलवावं तसा आवाज आला आणि इंजिन बंद. गाडी फ्लॅटबेडवर जासईला आणली, घाट उतरताना मी पुढे बसून एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हेड उघडलं तेव्हा विसातले चौदा व्हॉल्व्ह वाकलेले, दोन पिस्टनांवर चंद्रकोरीसारखे ठसे. मिस्त्रीनं एक वाकडा व्हॉल्व्ह काचेवर ठेवून बोटानं गरगर फिरवला. टोक डुलत होतं, केसाएवढंच, पण तेवढ्यानं कॉम्प्रेशन शून्य होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात दुसरं हेड शोधायला मी आणि तो गेलो. पहिलं मिळालं त्याला बारीक तडा होता. तेही मी घाईघाईत घेणारच होतो, मिस्त्रीनं रॉकेल ओतून तडा दाखवला.

नव्यानं बांधताना तगड्या स्प्रिंग घातल्या, रॉडचे बोल्ट बदलले, रॉड जुनेच ठेवले. गिअरच्या दांड्याची झिजलेली बुशिंग बदलली, जी बदलायला हवीत हे मला वर्षभर माहीत होतं. दांड्याला तेवढी ढिलाई नसती तर कदाचित हात चुकूनही दुसरा बसला नसता. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तू पुढे ढकलून मी टर्बोवर खर्च करत बसलो होतो. आणि हात बदलला, गाडीपेक्षा ते कठीण गेलं. चौथा टाकताना आता मूठ बंद करून ओढत नाही, तळहात उघडा ठेवून सरळ खाली ढकलतो, मग दांडा स्वतःच्या वाटेनं जातो.

कट सध्या ७१००वर आहे. के०४च्या कागदानुसार पहिल्यातून दुसऱ्यात जायची योग्य जागा ७३०० निघते, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मी जरासा तोटा सोसतो. शिफ्ट ६९५०ला करतो, कटच्या थोडा आत, म्हणजे घाईत कट लागून बूस्ट पडत नाही. तिसऱ्याला ६६००च्या आसपास. तिथं धातू आणि हवा दोघांचंही एकमत आहे. उन्हाळ्यात दिवे आणखी शंभर-दीडशेनं खाली घेतो आणि टाकीत ९५ ऑक्टेन भरतो.

मध्यंतरी पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल थंड जळतं, नॉकिंग कमी करतं, पण हवेशी त्याचं प्रमाण वेगळं. इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात आणि वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांनाही ते मानवेल असं नाही. नळ्या बदलल्या. जुना कागद आता या पेट्रोलचा नाही, म्हणून डायनोची वेळ घेतलीय. ट्यूनर म्हणाला, जाताजाता कट ७३०० करू का, पहिल्याचा तोटा भरून निघेल. मी विचारलं, फोर्ज्ड रॉडचा सेट केवढ्याला? त्यानं आकडा सांगितला. मी म्हटलं, ७१००वरच राहू दे, आणि या वेळी रेघ पार ७१००पर्यंत ओढ, मधेच थांबवू नको.